सैंधवाचा दिवा: उजेडाला पैकीच्या पैकी, चिठ्ठीला शून्य

जूनमध्ये सांगलीतल्याच एका दुकानातून हा दिवा घेतला, ८५० रुपयांना. दोनेक किलोचा गुलाबी दगड, पोटात १५ वॅटचा बल्ब, खाली लाकडी पाट. तिन्हीसांजेला लावला की खोली अशी केशरी होते की ट्यूब लावावीशीच वाटत नाही.

माझं भांडण आहे ते खोक्यातल्या चिठ्ठीशी. म्हणे, ‘मिठाचे स्फटिक घरातील घातक अतिनील किरण शोषून घेतात.’ २७ वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलंय, गप्प कशी बसणार?

नोटा तपासायची, ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण सोडणारी टॉर्च घरात होती. हळदीला तर सांगलीत काय तोटा! चिमूटभर स्पिरिटमध्ये कालवली, गाळणकागदावर पट्टा ओढला. अंधारात टॉर्च मारली की पट्टा पोपटी पेटतो. मग मध्ये मिठाचा स्फटिक धरला. वाटीत महिनाभर जपून मीच वाढवलेला, नखाएवढा, काचेसारखा. पट्टा तसाच पेटलेला! स्फटिकाच्या जागी माझा अतिनील किरण अडवणारा यूव्ही-४०० चष्मा धरला, तर पट्टा विझल्यातच जमा. दिव्याच्या दगडाचा टवका धरला तर उजेड कमी होतो खरा, पण ते त्यातल्या लोहाचं नि गढूळपणाचं काम.

मीठ शोषतच नाही असं नाही. शोषतं, पण साधारण १६० नॅनोमीटरच्या आसपास आणि त्याखाली. क्लोराइडच्या इलेक्ट्रॉनला जागचं हलवायला जवळजवळ ८ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. माझ्या टॉर्चच्या फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणाच्या, खिशात जेमतेम ३.४. आणि उन्हातले १६० वाले किरण वरच्या हवेतला ऑक्सिजनच गिळून टाकतो. ते माझ्या खिडकीशी येणार कुठून?

दुकानात जाऊन सांगितलं, तर उत्तर मिळालं, “काकू, चिठ्ठी कंपनीची हो, आम्ही नुसतं विकतो.”

चिठ्ठीत जे हवं होतं ते मात्र नव्हतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ पाणी ओढतं. जुलैत आम्ही दोन दिवस गावाला गेलो, दिवा बंद. आलो तर शोकेसवर थारोळं आणि ह्यांचं पासबुक त्यात भिजलेलं. त्यावरून जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. आता खाली स्टीलची ताटली आहे आणि पावसाळाभर बल्ब चालूच. गरम राहिला की दगड कोरडा राहतो.

पाचपैकी तीन. घ्यायचाच असेल तर दिवाळीनंतर घ्या, ताटलीसकट.