फॉल्कर्कचं चाक बघावं की बेल्जियमच्या बोट-लिफ्ट?

युरोपची सहल आखताना ज्यांना आयफेल टॉवरइतकीच यंत्रंही बघायची असतात, त्यांच्यापुढे कधी ना कधी हा प्रश्न येतो. दोन्ही म्हणजे कालव्यातली बोट पाण्यासकट उचलून वरच्या पातळीवर नेणारी यंत्रं. आधी रुक्ष मुद्दा: फॉल्कर्क स्कॉटलंडमध्ये, म्हणजे ब्रिटनचा व्हिसा. बेल्जियमला शेंगेन. मुलगा किंवा मुलगी लंडनला आहे म्हणून निघालेल्या आईबाबांचा निर्णय बहुतेक वेळा इथेच होतो. दोन्ही व्हिसा हातात असतील तर मात्र पुढचं वाचा.

कालव्यातली बोट वरच्या पातळीवर न्यायची तर जुना उपाय म्हणजे लॉक. बोट आत घ्यायची, दरवाजे लावायचे, पाणी भरायचं, मग पुढचं लॉक. फॉल्कर्कला दोन कालव्यांच्या मध्ये अशी ११ लॉक होती. ती चढायला दिवसाचा बराचसा वेळ जायचा. वाहतूक आटली आणि १९३३ मध्ये तीही मोडीत निघाली. पुढे कालवे पुन्हा जोडायचं ठरलं, तेव्हा लॉक न बांधता चाक बांधलं. २००२ साली राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते उद्घाटन झालं. उद्घाटनाच्या तोंडावरच कुणी तरी दरवाजे उघडून चाकाच्या यंत्रात पाणी सोडलं होतं, त्याच्या दुरुस्तीचा खर्च वेगळाच.

हे चाक ३५ मीटर उंच आहे आणि बोट २४ मीटर चढवतं. दोन टोकांना पाण्याने भरलेल्या दोन टाक्या. एका टाकीत बोट असली आणि दुसरीत नसली तरी दोन्हींचं वजन सारखंच, कारण बोट आत शिरते तेव्हा आपल्या वजनाइतकंच पाणी बाहेर ढकलते. शाळेत पाठ केलेला आर्किमिडीज इथे डोळ्यांसमोर नोकरी करताना दिसतो. त्यामुळे अर्धा फेरा मारायला लागते फक्त दीड युनिट वीज. चाक फिरत असताना टाक्या आडव्या कशा राहतात, हे बघायचं असेल तर एका बाजूला उभं राहून दातेरी चाकांकडे लक्ष द्या. मधलं मोठं चाक जागचं हलत नाही, त्याच्याभोवती छोटी चाकं फिरतात आणि टोकाची चाकं टाक्यांना बरोबर उलट दिशेने वळवत राहतात. वास्तुविशारद टोनी केटल यांनी ही कल्पना मुलीच्या लेगोचे तुकडे जुळवून दाखवली होती म्हणे. लेगोवर वाढलेल्या मुलांना हे ऐकवाच.

एक गोष्ट मात्र आधीच माहीत असावी. हे चाक आज मालवाहतुकीसाठी नाही, ते मुख्यतः सहलीच्या बोटींसाठी फिरतं. बोटीत बसलात की वर जायचं, मग रोमन काळातल्या अँटोनाइन भिंतीखालच्या बोगद्यातून थोडं पुढे आणि परत. खालून बघायला तिकीट लागत नाही, बोटीला लागतं. एडिंबरोहून आगगाडीने फॉल्कर्कला जायला अर्धा-पाऊण तास. अर्धा दिवस पुरे. हिवाळ्यात देखभालीसाठी काही काळ बंद असतं, तेव्हा तारीख तपासून जा.

बेल्जियममधलं प्रकरण वेगळ्या जातीचं. ला लुव्हिएर गावाजवळ जुन्या सेंटर कालव्यावर चार हायड्रॉलिक लिफ्ट आहेत, सात किलोमीटरच्या आत. पहिली १८८८ ची, बाकीच्या १९१७ मध्ये सुरू झाल्या. चौघी मिळून बोट ६६ मीटर चढवतात आणि १९९८ पासून त्या जागतिक वारसा यादीत आहेत. तंत्र तराजूचंच, पण काट्याच्या जागी पाण्याचा दाब. दोन हौद दोन प्रचंड दट्ट्यांवर उभे आहेत आणि दट्ट्यांची नळकांडी एकमेकांना जोडलेली. वरच्या हौदात थोडं जास्त पाणी घेतलं की तो जड होऊन खाली येतो आणि खालचा आपोआप वर. वरून खाली वाहणारं पाणीच काम करतं. हे बघताना फॉल्कर्कचं चाक जरा दिखाऊ वाटू शकतं, असं माझं मत.

फॉल्कर्कचं चाक सुरू झालं त्याच २००२ मध्ये, या चौघींचं काम एकहाती करणारी स्ट्रेपी-त्यू लिफ्ट जवळच चालू झाली. एका दमात ७३ मीटर, १,३५० टनी मालवाहू जहाजासकट. चीनमधल्या थ्री गॉर्जेस धरणाची लिफ्ट २०१६ मध्ये येईपर्यंत हीच जगात सगळ्यात उंच होती. कोणी सुंदर म्हणणार नाही अशी ही काँक्रीटची राक्षसी इमारत. पण खरोखरचं कामाचं जहाज पोलादी दोरांवर लटकत वर जाताना बघायचं असेल तर फॉल्कर्कला ते मिळणार नाही.

अडचण फिरण्याची आहे. ब्रसेल्सहून ला लुव्हिएरला आगगाडी मिळते, पण लिफ्ट विखुरलेल्या आहेत. गाडी भाड्याने घ्या, नाहीतर कालव्याकाठच्या रस्त्याने सायकल. रस्ता सपाट आहे. जुन्या लिफ्टमधून जाणाऱ्या बोटी उन्हाळ्याच्या हंगामातच चालतात.

लहान मुलं, थकलेले गुडघे किंवा एकच मोकळी दुपार असेल तर फॉल्कर्क, फार विचार करू नका. मेकॅनिकलवाला कुणी बरोबर असेल आणि पूर्ण दिवस देता येत असेल तर बेल्जियम, आणि तिथे आधी जुन्या लिफ्ट बघा, मग नवी. उलटं केलंत तर जुन्या लिफ्ट खेळण्यातल्या वाटतात. इंग्लंडच्या चेशायरमधली १८७५ ची अँडरटन लिफ्टही मोहात पाडेल, पण ती दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद राहिलेली आहे, तेव्हा चालू असल्याची खात्री करूनच तिकडे वळा.