सीलबंद खोक्यातून जुना लॅपटॉप निघाला

लेकीनं सहा महिने मला काहीच सांगितलं नाही. लॅपटॉप रखडत चालतो, काम करता करता बंद पडतो, हे तिनं मनातच ठेवलं, कारण तिला वाटत होतं की चूक तिचीच आहे. वर्गातल्या बाकीच्यांची ड्रॉइंग्ज वेळेत होतात, आपली होत नाहीत, म्हणजे आपणच कमी पडतोय. सुट्टीत घरी आली आणि एका रात्री रडत म्हणाली, "आई, मला नाही वाटत हा कोर्स मला झेपेल." तिथून सगळं उलगडत गेलं. पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच, पण ते सहा महिने जास्त जिव्हारी लागले. म्हणून हे सगळं बारकाव्यानिशी लिहितेय.

ती आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रवेश झाल्यावर विभागाकडून लॅपटॉपबद्दल एक कागद आला होता. विंडोजचाच घ्या, कारण इमारतींचे आराखडे करायचं रेव्हिट हे सॉफ्टवेअर मॅकवर चालत नाही. रॅम १६ जीबी, एसएसडी ५१२ जीबी आणि प्रोसेसर 'आय५ किंवा त्यावरचा'. या शेवटच्या ओळीनंच आमचा घात केला. आय५ हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं नाव गेली पंधराहून अधिक वर्षं वापरात आहे. कुठल्या वर्षाचा आय५, हे त्या कागदावर नव्हतं आणि विचारायला हवं हे मला ठाऊक नव्हतं.

विक्रेता ओळखीतून मिळाला. ऑफिसमधल्या एका सहकारी बाईंनी त्याच्याकडून प्रिंटर घेतला होता आणि त्यांना चांगला अनुभव आला होता. मी आय५चे दोन-तीन लॅपटॉप बघून गेले होते. त्यानं कागद हातात घेतला, वाचला आणि म्हणाला, "मॅडम, आय५ कशाला घेता? त्यापेक्षा कमीत आय७ देतो. मुलगी पाच वर्षं शिकणार, पाच वर्षं बघायला नको." खोकं आणलं. सीलबंद होतं, माझ्यासमोर पट्टी कापली. आत लॅपटॉप पांढऱ्या पिशवीत, झाकणावर पातळ फिल्म, चार्जरची वायर गुंडाळून बांधलेली. माझा विश्वास बसला.

दोन गोष्टी तेव्हाही खटकल्या होत्या. झाकणावरच्या फिल्मखाली, अगदी कोपऱ्यात, धुळीचा एक कण अडकून छोटा फुगा आला होता. आणि स्पेसबारच्या उजव्या बाजूला, जिथे अंगठा टेकतो तिथे, एक गुळगुळीत चकाकी होती. बाकीच्या कळा खरबरीत आणि तेवढीच जागा तेलकट दिसत होती. मी बोट ठेवून विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "कंपनीचं फिनिशच तसं आहे." मी गप्प बसले. माझ्या आधी कोणाचा तरी अंगठा वर्षानुवर्षं त्या जागी टेकत होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग तो म्हणाला, "सेटअप मी करून देतो, तुम्हाला त्रास नको." लॅपटॉप आत घेऊन गेला आणि अर्ध्या तासानं सगळं तयार करून आणला. विंडोज चालू, ऑफिस टाकलेलं, लेकीच्या नावाचं खातंही उघडलेलं. मला तो भला माणूस वाटला. नवा लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला की तो भाषा विचारतो, देश विचारतो, वायफाय जोडायला सांगतो. हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्याच हातानं व्हायला हवं. जो विक्रेता ते आतल्या खोलीत उरकून आणतो, त्याला नेमकं तेच तुम्हाला दाखवायचं नसतं, असं माझं आता ठाम मत झालंय.

रोख दिलेत तर थोडं कमी करतो म्हणाला, रोख दिले. बिलावर लिहिलं होतं, 'लॅपटॉप आय७, १६ जीबी, १ नग'. सही, शिक्का. बस्स.

सुट्टीतल्या त्या रात्रीनंतर माझ्या भाच्याला बोलावलं. तो याच क्षेत्रात काम करतो. त्यानं लॅपटॉप उघडून आधी प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचलं: कोअर आय७-७५००यू. म्हणाला, "मावशी, आय७च्या पुढचा आकडा बघितलास का? ७५०० म्हणजे सातवी पिढी. हा प्रोसेसर २०१६ साली आला." त्यात फक्त दोन कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, आहेत. २०२२च्या बाराव्या पिढीतला साधा आय३-१२१५यू घेतला तरी त्यात सहा कोअर असतात. म्हणजे ज्या आय३कडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, तोच लेकीच्या कामाला कितीतरी बरा ठरला असता. आय३, आय५, आय७ ही चढती पायरी एकाच पिढीत खरी असते. पिढी बदलली की हिशोबच बदलतो. चार आकडी क्रमांक २ ते ९ पैकी एखाद्या आकड्यानं सुरू होत असेल तर तो पहिला आकडा पिढी सांगतो, १२१५ किंवा १३४२०सारखा १ नं सुरू होत असेल तर पहिले दोन. शेवटचं अक्षरही बघावं: यू म्हणजे कमी विजेवर चालणारा, एच म्हणजे जड कामाचा. हल्ली इंटेलनं 'आय' काढून टाकून कोअर अल्ट्रा वगैरे नवी नावं आणलीत, त्यामुळे गोंधळ आणखी वाढलाय. एएमडी या दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर घेणार असाल तर तिथेही डोळे उघडे ठेवा. रायझन ५ ७५२०यू हे नाव ऐकून तो ७००० मालिकेतला, म्हणजे अगदी ताजा वाटतो, पण आतली रचना झेन २, म्हणजे २०१९ साली आलेली. त्या मालिकेत रचना कोणती ते तिसऱ्या आकड्यावरून कळतं.

भाच्यानं पुढची गोष्ट दाखवली तेव्हा मला घाम फुटला. लॅपटॉपमध्ये विंडोज ११ होतं. मायक्रोसॉफ्टच्या यादीनुसार, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालतच नाही. म्हणजे कोणीतरी तपासणी चुकवून ते बसवलं होतं. नवा म्हणून विकलेला लॅपटॉप असा असूच शकत नाही.

मग त्यानं बॅटरीचा अहवाल काढला. ही एक गोष्ट तरी सगळ्यांनी शिकून घ्यावी, कारण तिला दोन मिनिटंही लागत नाहीत. कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, त्यात इंग्रजीत 'पॉवरसीएफजी' (powercfg) टाइप करायचं, एक जागा सोडून तिरकी रेघ (/) द्यायची आणि तिला जोडूनच 'बॅटरीरिपोर्ट' (batteryreport). एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात डिझाइन कपॅसिटी म्हणजे बॅटरी कारखान्यातून निघाली तेव्हाची क्षमता आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज ती जेवढी भरते तेवढी. आमच्याकडे पहिला आकडा ४८,००० होता आणि दुसरा २०,६००. सायकल काउंट, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून झाली तो आकडा, ६४०. लेक वर्गात प्लगजवळची जागा मिळावी म्हणून वीस मिनिटं आधी जाऊन बसायची, ते या आकड्यांमुळे. मैत्रिणी मागच्या बाकावर एकत्र बसायच्या, ही भिंतीपाशी एकटी. हे तिनं आम्हाला तेव्हा, तो आकडा बघताना सांगितलं.

डिस्क किती तास चालली आहे तेही कळतं. त्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम आहे. आमच्या 'नव्या' डिस्कनं ११,२०० तास भरले होते. रोज आठ तास धरले तरी १,४०० दिवस. मात्र डिस्क बदलून नवी टाकणं सोपं असतं, त्यामुळे इथे कमी तास दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका.

सिरियल नंबर तीन ठिकाणी असतो: खोक्यावर, लॅपटॉपच्या तळाशी आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये. तिन्ही एकच हवेत. आम्ही नशिबानं खोकं जपून ठेवलं होतं. खोक्यावरचा नंबर वेगळाच होता, म्हणजे खोकं दुसऱ्याच लॅपटॉपचं. बायोसमधला नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला, तर वॉरंटी कित्येक वर्षांपूर्वीच संपलेली. विक्रेत्यानं सांगितलेली एक वर्षाची वॉरंटी त्याची स्वतःची होती, तोंडी.

सगळ्यात मोठा धक्का नंतर बसला. भाचा म्हणाला, निदान सगळं पुसून स्वच्छ विंडोज करून देतो. रीसेट केलं, वायफाय जोडलं आणि पडद्यावर एका अनोळखी कंपनीचं नाव आलं. स्वागत असो, तुमच्या कार्यालयीन खात्यानं साइन इन करा. आम्ही तिघंही त्या पडद्याकडे बघत राहिलो. लेक एकदम म्हणाली, "आई, हा चोरीचा आहे का?"

मोठ्या कंपन्या आपले लॅपटॉप मायक्रोसॉफ्टकडे स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवतात. ही नोंद डिस्कवर नसते, त्यामुळे विंडोज कितीदाही पुसलं तरी ती जात नाही. इंटरनेट न जोडता सेटअप केलं तर ती दिसत नाही, आणि विक्रेत्यानं आतल्या खोलीत बहुधा तेच केलं होतं. आम्ही त्या कंपनीला सिरियल नंबरसकट ईमेल केला. चार दिवस लेकीला झोप नव्हती. पाचव्या दिवशी उत्तर आलं की हा लॅपटॉप जुन्या मालाच्या लिलावात विकला गेला आहे, नोंद काढायची राहून गेली होती, ती आता काढली. चोरीचा नव्हता. पण तो तसा असू शकला असता, आणि ज्याच्या हातात सापडतो त्यालाच आधी उत्तरं द्यावी लागतात.

विक्रेत्याकडे गेलो. अहवालाचे कागद पुढे ठेवले. तो चिडला नाही, शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी आय७ म्हटलं, आय७च दिला. १६ जीबी म्हटलं, १६ आहे. सीलबंद म्हटलं, तुमच्यासमोर सील कापलं. नवीन हा शब्द बिलावर दाखवा." खरंच नव्हता. सिरियल नंबरही नव्हता, त्यामुळे हाच लॅपटॉप त्यानं दिला हेही सिद्ध होत नव्हतं. रोख दिल्यामुळे बँकेतही पुरावा नाही. तुमच्या बिलावर 'नवीन' हा शब्द, मॉडेलचं पूर्ण नाव, प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक आणि सिरियल नंबर या चार गोष्टी लिहून घ्या. विक्रेता कां-कूं करायला लागला तर पैसे पाकिटातच राहू द्या. आणि खरेदीआधी झालेलं बोलणं एखाद्या मेसेजवर पुन्हा विचारून घ्या: 'हा पूर्ण नवीन आहे ना?' त्या एका ओळीच्या उत्तराला नंतर फार किंमत येते. आम्ही रीतसर तक्रार केली आहे, पण हातात कागद नसल्यानं तिचं काय होईल याची मला फारशी आशा नाही.

जुना लॅपटॉप घेणं वाईट, असं मी म्हणत नाही. जो उघडपणे जुना म्हणून सांगतो, बॅटरी किती उरली ते दाखवतो आणि भावही तसाच लावतो, त्याच्याकडून घ्यायला काहीच हरकत नाही. निबंध लिहायचे, व्याख्यानं बघायची, एवढंच काम असलेल्या मुलाला तो पुरेलही. माझा राग वय लपवण्यावर आहे. नवा म्हणून पैसे मोजणारी आई बहुतेक वेळा बचत मोडून आलेली असते, आणि समोरच्याला ते दिसत असतं.

लेकीसाठी नंतर दुसरा लॅपटॉप घेतला. या वेळी विभागातल्या सिनियर मुलांना आधी विचारलं: प्रत्यक्षात कुठलं सॉफ्टवेअर वापरता, कशावर अडतं? रॅम मदरबोर्डवर पक्की डकवलेली आहे की पुढे वाढवता येईल, हे त्यांच्यामुळेच विचारायला सुचलं. स्टोरेज खरोखरची एसएसडी आहे, स्वस्तातलं, हळू चालणारं ईएमएमसी नाही, हेही बघितलं. दिवसभर पाठीवर वागवायचा म्हणून वजन लेकीनं स्वतः बॅगेत घालून पाहिलं.

पैसे देण्याआधी काउंटरवरच लॅपटॉप उघडायला लावला. भाषा, वायफाय, खातं, सगळं लेकीनं स्वतः भरलं. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून तिनं ती ओळ टाइप केली, कागदावर न बघता. समोरची मुलगी थोडी चकित झाली, पण थांबली. फाइल उघडली. दोन्ही क्षमता जवळजवळ सारख्या, सायकल काउंट १. लेकीनं पडदा माझ्याकडे वळवला, सिरियल नंबर खोक्याशी ताडून पाहिला आणि म्हणाली, "आई, आता दे पैसे."