पूर शोधला आणि खानापूर सापडलं : पायथॉनचं रेगेक्स मॉड्यूल, आठ महिने वापरल्यानंतर

रेगेक्स म्हणजे पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत मजकुरातून शब्दांचे नमुने शोधायचं मॉड्यूल. आधी हे वापरायची वेळ का आली ते सांगतो. बेळगावातल्या एका छोट्या साप्ताहिकाच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षर-चिन्हाला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) आणून झाल्या होत्या आणि काकांना (संपादक, नात्याने पण काकाच) २०१९ च्या पुराच्या सगळ्या बातम्या एका जागी पाहिजे होत्या. मी म्हटलं त्यात काय, दहा मिनिटांचं काम, याच कामाचं पायथॉनसोबत येणारं नेहमीचं आरई मॉड्यूल घेतलं, पूर शब्दाच्या दोन्ही बाजूला बॅकस्लॅश बी लावला म्हणजे अख्खा शब्दच सापडेल, आणि यादी पाठवून दिली. संध्याकाळी काकांचा फोन, "अरे, मी तुला पूर मागितला, तू सगळा खानापूर तालुका पाठवलास की!"

बघितलं तर खरंच, खानापूर, कोल्हापूर, सोलापूर, शिवाय "तालुक्याच्या पूर्व भागात" आणि "काम पूर्ण", सगळंच आलं होतं. निपाणीची तऱ्हा उलटीच. नुसतं निपाणी शोधलं तर एक पण बातमी नाही, आणि "निपाणीत", "निपाणीहून" तेवढे बरोबर सापडत होते. डोकं फिरायची पाळी आली.

गोम अशी आहे की बॅकस्लॅश बी म्हणजे शब्दातलं अक्षर आणि शब्दाबाहेरचं काहीतरी यांच्यामधली जागा, म्हणजे बाउंड्री, आणि शब्दातलं अक्षर कुठलं हे बॅकस्लॅश डब्ल्यू ठरवतो. आरईमधला हा डब्ल्यू अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढ्यांनाच ओळखतो. आपला काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त, ही सगळी युनिकोडमध्ये चिन्हं, म्हणजे याच्या हिशोबाने शब्दाबाहेरची. मग खानापूरमध्ये "ना"चा काना संपला की तिथे बाउंड्री, तिथून पुढे "पूर" मोकळा. पूर्वमध्ये र च्या खालच्या हलन्तापाशी शब्द संपला. आणि निपाणीच्या शेवटी वेलांटी, तिच्यापुढे स्पेस, दोन्ही बाहेरचेच, मग बाउंड्री येणार कुठून? बेळगाव या शब्दाचे त्याने तीन तुकडे केले: ब, ळग, व. म्हणजे सीमाप्रश्न इथे पण आहेच बघा. याबद्दलची तक्रार पायथॉनच्या ट्रॅकरवर २०११ मध्येच नोंदवलेली आहे, माझ्या पायथॉन ३.११ वर तरी अजून तसंच चालतं. माझा एक मित्र कन्नड मजकुरावर काम करतो, त्याचं पण हेच रडगाणं, फक्त लिपी वेगळी.

पहिला जुगाड मी हाताने केला, देवनागरीच्या युनिकोड क्रमांकांची सगळी रेंज, ०९०० ते ०९७एफ, चौकटी कंसात घातली, म्हणजे त्यातलं कुठलंही चिन्ह शब्दातलंच धरायचं. बातम्यांना चाललं. मग भजनी मंडळाच्या अभंगांची फाइल आली आणि दंड, दुहेरी दंड, ओळीचे आकडे सगळे शब्दाला चिकटून आले, कारण ते पण त्याच रेंजमध्ये बसलेत.

शेवटी रेगेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल पिपने (पायथॉनची मॉड्यूलं उतरवून घ्यायचं साधन) टाकलं. "इम्पोर्ट रेगेक्स ॲज आरई" एवढी एकच ओळ बदलली, बाकी कोड होता तसाच. पूर मागितला की पूरच येतो, निपाणी मागितली की निपाणी. इथे डब्ल्यूमध्ये मात्रा आणि हलन्त धरलेले आहेत. शिवाय बॅकस्लॅश एम म्हणजे फक्त शब्दाची सुरुवात आणि मोठा एम म्हणजे फक्त शेवट, हे मला बॅकस्लॅश बीपेक्षा जास्त कामाला आलं. मोठा एक्स (मात्रांसकट अख्खं अक्षर एकदम पकडणारा) लावला तर "क्षे"सारखं जोडाक्षर मध्येच तुटेल का ही धाकधूक होती, पण मला ते फारसं लागलंच नाही त्यामुळे त्यावर बोलत नाही.

स्पीडबद्दल विचाराल तर मोठ्या फाइलींवर मला जरा हळू वाटलं, पण रात्री लावून झोपायचं काम आहे, कुणाला घाई आहे?

आता जे होत नाही ते. "शेतकऱ्यांना" हा शब्द आमच्या फाइलींत दोन तऱ्हेने टाइप झालाय, एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जॉइनर (अक्षरं जोडायचं चिन्ह). स्क्रीनवर दोन्ही सारखे, शोधताना वेगळे. ते मी आधीच एका तऱ्हेचे करून घेतो. बेळगाव, बेळगांव आणि २०१४ नंतरचं बेळगावी, हे तिन्ही हातानेच लिहावे लागतात.

आणि खरी अडचण मराठीचीच. बातमीत नुसता "पूर" किती वेळा येतो ओ? "मलप्रभेच्या पुरात", "बळ्ळारी नाल्याच्या पुरामुळे पीक कुजलं", असंच येतं. पू चा पु होतो, वर प्रत्यय चिकटतो, बाउंड्री कितीही बरोबर असली तरी हे सापडणार नाही. म्हणून सुरुवातीला बॅकस्लॅश एम, पुढे "पुरा", आणि त्यानंतर काहीही, असं लिहिलं. मलप्रभा, मार्कंडेय, वेदगंगा, सगळ्यांचे पूर आले. सोबत कोर्टातले पुरावे, देवळातली पुराणं आणि पुरातन मूर्तीपण आल्या. आता प्रत्ययांची एक यादी वेगळ्या फाइलीत ठेवलीय, त, ला, चा, ची, चे, ने, मुळे, नंतर असे, काका त्यात भर घालत असतात. गेल्या आठवड्यात त्यांनी "पुरातसुद्धा" साठी "तसुद्धा" टाकलं. "पुरावर"साठी अजून कुणी "वर" टाकलेलं नाही, त्या बातम्या काका स्वतः वाचून काढतात.