बालीचं गमेलन वर्गात: फळ्यावरून की हातावरून?

गमेलन म्हणजे मुख्यतः धातूच्या वाद्यांचा वाद्यवृंद. त्याचे स्वर फळ्यावर डिंग, डोंग, डेंग, डुंग, डांग असे लिहून दिले की मुलांना चाल पटकन कळते; गैरहजर राहिलेलं मूलही मागे पडत नाही. पण मान कागदातच अडकते.

बालीतली जुनी रीत म्हणजे ‘मगुरु पांग्गुल’, हातोडीलाच गुरू मानणं. शिक्षक गांसाच्या, म्हणजे हातोडीने वाजवायच्या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याच्या, पलीकडे मुलासमोर बसून उलट्या बाजूने वाजवतात. मूल हात बघतं, कान देतं. उजव्या हाताने पुढची पट्टी वाजवायची, त्याच क्षणी आधीची डाव्या चिमटीत धरून तिचा नाद थांबवायचा. हे कुठल्या लिपीत उतरणार? कोतेकानमध्ये, म्हणजे दोघांत वाटून वाजवायच्या गुंफलेल्या चालीत, तर पोलोस आणि सांगसिह हे दोन भाग एकमेकांच्या मोकळ्या जागा भरतात, तिथे शेजाऱ्याला ऐकावंच लागतं. वेळ जास्त जातो, तरी मी हाताचीच बाजू घेईन. लिहिलेलं घरच्या उजळणीपुरतं असावं.