थम्पर, ब्रिज की आर्क रिफ्लेक्शन: केबलचा फॉल्ट शोधायला कुणाला बोलवाल?

आधी केबल कुणाची ते बघा. पुरवठा कंपनीची असेल तर मुंबईत शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा पॉवर, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. तक्रार नोंदवा आणि हात लावू नका. औद्योगिक इस्टेटीची किंवा मोठ्या सोसायटीची स्वतःची ११ केव्हीची केबल असेल, तर पुढचं वाचा.

सगळ्यात स्वस्त कोटेशन बहुधा नुसत्या थम्परचं येतं. कपॅसिटर भरायचा, ठरावीक सेकंदांनी केबलमध्ये सोडायचा, फॉल्टच्या जागी ठिणगी पडून होणारा धप्प आवाज जमिनीवर मायक्रोफोन ठेवून ऐकायचा. नेमकी जागा दाखवण्यात याला तोड नाही. पण अंतराचा अंदाज नसताना किलोमीटरभर असं ऐकत जायचं म्हणजे असंख्य धक्के, आणि ते केबलच्या धडधाकट भागालाही बसतात. जुन्या एक्सएलपीई, म्हणजे प्लास्टिक इन्सुलेशनच्या केबलला तर ते नकोच. ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२ केव्हीला भरला तर दर धक्क्याला सुमारे २,००० जूल, १६ केव्हीला त्याच्या पाव. ११ केव्हीच्या केबलवर कुणी ३२ लावू म्हणाला तर कारण विचारा.

आर्क रिफ्लेक्शनवाले आधी अंतर काढतात. साधा टीडीआर केबलमध्ये बारीक पल्स सोडतो आणि ती परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर सांगतो: वेग मायक्रोसेकंदाला १६० मीटर धरला आणि पल्स १० मायक्रोसेकंदांत परतली, तर फॉल्ट ८०० मीटरवर. धरलेला वेग दोन टक्के चुकला तरी १६ मीटरचा फरक पडतो, म्हणून फक्त टीडीआरच्या भरवशावर रस्ता फोडू नये. शिवाय जास्त रेझिस्टन्सचा फॉल्ट त्याला दिसतच नाही. तिथे एका धक्क्याने क्षणभर आर्क, म्हणजे ठिणगी पेटवतात, त्याच क्षणी पल्स सोडतात आणि आर्क नसतानाच्या आलेखाशी ताडून बघतात. मग थम्पर लागतो तो शेवटच्या काही मीटरांपुरता. भाडं जास्त, पण माझं मत यालाच. खोदकामाचा आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च धरला की महाग वाटत नाही, आणि पावसाळ्यात खोदायची परवानगी मिळवणं किती कठीण असतं ते वेगळं सांगायला नको.

मरे लूप ब्रिज, म्हणजे बिघडलेल्या आणि शाबूत तारेचा लूप करून रेझिस्टन्सच्या प्रमाणावरून अंतर काढणं, जुना, पण कमी रेझिस्टन्सच्या अर्थ फॉल्टला (तारेतली वीज जमिनीकडे गळते तो) आजही चांगला. अट एकच, केबलमधल्या तारांपैकी निदान एक कोअर शाबूत हवी. तिन्ही गेल्या असतील तर हा पर्याय सोडा.

मायक्रोफोन घेताना आवाज आणि चुंबकीय लहर यांच्यातला वेळ मोजणारा आहे ना, ते विचारा. लहर लगेच पोचते, आवाज मागून येतो. हा फरक सर्वांत कमी जिथे, तिथेच खाली फॉल्ट. दिवसा एस. व्ही. रोडला नुसत्या कानांनी काही कळत नाही, त्यामुळे साध्या मायक्रोफोनवाल्यांना रात्रपाळीच करावी लागते.

सुरक्षेत मात्र घासाघीस नको. दोन्ही टोकं पुरवठ्यापासून सोडवून कुलूपबंद, कामाचं परमिट लेखी, लांबच्या टोकाला माणूस उभा. चाचणीनंतर डिस्चार्ज रॉड लावून केबल अर्थ केल्याशिवाय टोकाला हात नाही. केबल स्वतःच कपॅसिटर आहे, पुरवठा बंद असला तरी चार्ज धरून ठेवते. गॅसचा वास आला तर थम्पर बंद. आणि खड्ड्यात चार सारख्या केबल दिसल्या तर हीच ती, हे आधी यंत्राने ओळखून, मग दुरून चालवायच्या स्पायकिंग गनने खिळा मारून नक्की केल्यावरच करवत. कोटेशनमध्ये हे स्पायकिंग लिहिलेलं नसेल तर ते लिहून मागा.