‘बंदुकीचा कुत्रा’ म्हणून विकलेले संकर पिल्लू : बागायतदारांनी सावध राहावे

देवगड परिसरातल्या आंबा बागायतदारांना वानर आणि केलड्यांचा (लाल तोंडाच्या माकडांचा) उपद्रव नवा नाही. मोहोर धरल्यापासून फळ उतरेपर्यंत बागेत राखण ठेवावी लागते आणि ज्यांच्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, ते हवेत बार काढून कळप पांगवतात. अशा बागेत कुत्रा ठेवायचा, तर तो बाराच्या आवाजाला न बुजणारा आणि कळपामागे रानात न घुसता हाकेसरशी परत फिरणारा असावा लागतो. ही गरज नेमकी हेरून घाटावरच्या एका विक्रेत्याने असा ‘बंदुकीचा कुत्रा’ म्हणून दोन जातींच्या संकराचा कुत्रा विकून मला 28,000 रुपयांना फसवले. त्याच्याच जाहिराती आता आमच्या भागातल्या इतर बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागल्यामुळे हा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

कुत्र्याचा बाप लॅब्राडोर, आई पॉइंटर, वय 10 महिने, अर्धे शिक्षण पूर्ण आणि ‘बाराला सरावलेला’, असे त्याने सांगितले होते. सोबत एक चित्रफीत होती. तपकिरी रंगाचा एक कुत्रा तळ्यात उडी घेतो, मेलेले बदक तोंडात धरून काठावर येतो आणि गमबूट घातलेल्या माणसाच्या हातात अलगद देतो. ‘काका, हा याचा बाप, आमच्याच फार्महाऊसवरचा,’ असा संदेश त्याखाली होता. मागे दिसणारे धुके, कुंपणाच्या झुडपांची रांग आणि माणसांचा पेहराव पाहता ते दृश्य आपल्या देशातले नव्हे, हे उघड आहे. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार आपल्याकडे रानबदकाची शिकार हा गुन्हा आहे, आणि कुत्रा मागे घालून प्राण्याचा पाठलाग करणे किंवा त्याला हाकून आणणे हेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत येते. म्हणजे चित्रफीत खोटी असेल तर विक्रेता लबाड, आणि खरी असेल तर तो गुन्हेगार. ससा किंवा डुक्कर पकडल्याच्या फुशारक्या मारून कुत्रा विकणाऱ्यापासून लांबच राहावे.

संकराचा कुत्रा बंदुकीच्या कामाला येऊ शकतो, हे त्याचे विधान मात्र खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते गळी उतरते. ब्रिटनमध्ये स्प्रिंगर आणि कॉकर या दोन स्पॅनिएल जातींचा संकर शिकारीच्या मैदानावर नेहमी दिसतो. लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर यांचा संकर अंधांना वाट दाखवण्याच्या कामासाठी मुद्दाम केला जातो. खुद्द लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडचे पाण्यातले कुत्रे होते. ते एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये आणले गेले आणि ब्रिटिश केनेल क्लबने या जातीला 1903 मध्ये मान्यता दिली. परंतु यातले यशस्वी संकर एकमेकांना जवळच्या कामांचे आहेत, हे विक्रेता सांगत नाही. पॉइंटर वाऱ्यावरचा वास घेऊन जागीच थबकतो आणि पक्ष्याची दिशा दाखवतो, तर लॅब्राडोर पडलेला पक्षी न चावता उचलून आणतो. आपल्याकडचा कारवान जातीचा शिकारी कुत्रा वासापेक्षा नजरेवर चालतो. हलणारे काही दिसले की तो सुटतो, आणि त्या कामात त्याला तोड नाही. यांपैकी कोणतेही दोन एकत्र केले, तर पिल्लात दोघांचे गुण उतरतील असे नसून कोणाचे काय उतरेल ते सांगता येत नाही, आणि संकराचा पुन्हा संकर केला तर एकाच वेतातली भावंडेसुद्धा एकमेकांना मिळत नाहीत. त्यामुळे अशा पिल्लाची खरी किंमत त्याचे आईबाप प्रत्यक्ष काम करताना पाहिल्यावरच ठरते. माझ्या व्यवहारात तेवढीच गोष्ट टाळली गेली. ‘आईला ताप आहे’, ‘बाप प्रदर्शनाला गेला आहे’, अशी कारणे येत राहिली आणि आगाऊ रक्कम भरल्यावर कुत्रा रात्रीच्या खासगी बसने परस्पर रवाना झाला.

तालुक्याच्या ठिकाणी पशुवैद्यकांनी त्याचे तोंड उघडले, तेव्हा वयाचे सोंग पहिल्यांदा उघडे पडले. वरच्या जबड्यात दुधाचा सुळा अजून शाबूत होता आणि त्याला चिकटूनच कायमच्या सुळ्याचे पांढरे टोक नुकतेच हिरडीबाहेर आले होते. कुत्र्याचे सगळे 42 कायमचे दात साधारण सात महिन्यांपर्यंत येऊन जातात, आणि सुळे पाच-सहा महिन्यांच्या सुमारास बदलतात. दहा महिन्यांचा म्हणून आलेला हा जीव जेमतेम साडेपाच महिन्यांचा होता. मग लसीकरणाचे पुस्तक पाहिले. त्यात लशीच्या बाटलीवरचे लेबल चिकटवलेले होते, पण लेबलावरची मुदत शेजारी हाताने लिहिलेल्या टोचणीच्या तारखेच्या आधीच संपलेली होती. नोंदणीपत्रावर, ओळखीसाठी कातडीखाली बसवतात त्या मायक्रोचिपचा पंधरा आकडी क्रमांक छापलेला होता. स्कॅनर मानेपासून खांद्यापर्यंत पुन्हा पुन्हा फिरवूनही काही लागले नाही. ते नोंदणीपत्र केनेल क्लब ऑफ इंडियाचे म्हणून दिलेले होते, आणि सर्वांत उघड लबाडी तीच होती, कारण ही संस्था शुद्ध जातींची नोंदणी करते. ‘संकराचा आहे आणि कागदही आहेत’ हे वाक्य ऐकले, की व्यवहार तिथेच थांबवावा.

अरुंद मुस्कट, खोल छाती आणि आत ओढलेले पोट पाहून पशुवैद्यकांनी कारवानाच्या रक्ताची शक्यता बोलून दाखवली. निव्वळ रूपावरून संकर ओळखणे बेभरवशाचे असते हेही त्यांनीच सांगितले, म्हणून मी त्यावर दावा करत नाही.

बाराला सरावल्याचा दावाही टिकला नाही. खालच्या वाडीत कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला आणि कुत्रा दावे तोडून पळाला. तो गोठ्यात, गव्हाणीच्या मागे सापडला. मागचे पाय थरथरत होते, तोंडातून लाळ गळत होती आणि जमीन ओली झाली होती. शेजारचे तात्या आयुष्यभर ठासणीची बंदूक वापरलेले. त्यांनी पाहताच सांगितले, ‘ह्यो कुत्रो बंदुकेचो न्हय, हेका साधो फटाकोसुद्दा सोसणा नाय.’ हा दोष बहुतेकदा जातीपेक्षा हाताळणीचा असतो. पिल्लाला आवाजाची सवय लांबून, ते खाण्यात किंवा खेळण्यात गुंतलेले असताना, हळूहळू अंतर कमी करत लावायची असते. लहान वयात कानाशी बार काढून ‘तयार’ केलेला कुत्रा जन्मभर बुजरा राहू शकतो, आणि याच्या बाबतीत तसेच झाले असावे असा माझा संशय आहे. पैशांपेक्षा मला त्याचा अधिक संताप येतो.

कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी 2017 चे केंद्रीय नियम आहेत. पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते, आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. नोंदणी क्रमांक मागितल्यावर विक्रेत्याने माझा नंबर ब्लॉक केला. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर शक्य तितक्या लवकर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळण्याआधीच ती गोठवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मी दोन्ही तक्रारी केल्या असून संदेश, चित्रफीत, लसीकरणाचे पुस्तक आणि पशुवैद्यकांचा दाखला जोडला आहे. कुत्रा आमच्याकडेच आहे आणि त्याला बागेत नेत नाही; त्याच्या लसी आणि औषधोपचाराचा खर्चही भरपाईच्या मागणीत धरला आहे.