सारखा सारखा ‘सी’: सेकंडहँड एलटीओ-५ टेप ड्राइव्ह, अकरा महिन्यांच्या वापरानंतर

एलटीओ म्हणजे डेटा साठवायच्या मॅग्नेटिक टेपचा एक प्रकार, ५ ही त्याची पिढी, म्हणजे जनरेशन. माझा ड्राइव्ह सारखा क्लीनिंग मागायला लागला तेव्हा सर्व्हिसवाल्याने तो उघडूनही न बघता सांगितलं की हेड (टेप वाचणारा-लिहिणारा भाग) संपलंय, नवा घ्या. हेड संपलेलं नव्हतं. तोच ड्राइव्ह गेले चार महिने रात्र रात्र चालतोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. असाच चांगला ड्राइव्ह कोणी भंगारात टाकणार असेल तर त्याआधी हे वाचावं.

माझा हाफ हाइट (अर्ध्या उंचीचा), एक्स्टर्नल, एसएएस केबलने कॉम्प्युटरला जोडायचा आहे. स्पेक्स सगळ्यांना माहीत असतात तर ते लिहीत नाही, फक्त एक सांगते, टेपवर ३ टीबी लिहिलेलं असतं ते निम्म्याने कॉम्प्रेस होईल असं धरून. खरी जागा १.५ टीबी. माझं काम व्हिडिओ एडिटिंगचं, फुटेज आधीच कॉम्प्रेस झालेलं असतं, त्यामुळे मला १.५ च मिळते आणि हिशोब तसाच करावा.

आता तो ‘सी’. पुढच्या एका अक्षराच्या डिस्प्लेवर ‘सी’ आला की ड्राइव्ह क्लीनिंग मागतोय. घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात आला, म्हटलं जुना आहे, धूळ असेल, क्लीनिंग टेप घातली, गेला. नऊ दिवसांनी परत. मग परत. सात महिन्यांत मी १९ वेळा क्लीनिंग केलं! माझी क्लीनिंग टेप ५० वेळा चालते, आणि दर वेळी तिचा नवा तुकडा वापरला जातो, एकदा वापरलेला भाग परत येत नाही, म्हणजे प्रत्येक ‘सी’ला माझ्या खिशातून काहीतरी जात होतं. शिवाय ती टेप खरखरीत असते, उगाच घातली तर हेडच झिजतं. बरेच जण दर आठवड्याला नेमाने क्लीनिंग करतात, कृपा करून करू नका. ड्राइव्हच्या आत हेड साफ करायला छोटा ब्रश असतोच, ड्राइव्हने मागितलं तरच क्लीनिंग टेप घाला.

सर्व्हिस सेंटरला नेला तर म्हणाले, ‘मॅडम, हेड संपलंय, एवढा जुना ड्राइव्ह आम्ही बघत नाही, नवीन जनरेशनचा घ्या.’ मी विचारलं माझ्या ३८ टेप त्यात वाचता येतील का, तर म्हणाले येतील की. नाही येत! एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन जनरेशन वाचायचे, म्हणजे सातवाला माझ्या टेप वाचेल पण त्यांच्यावर लिहिणार नाही, आणि आठपासून तर तेही गेलं, आठवाला फक्त सात आणि आठ ओळखतो. त्यांचं ऐकून नवा घेतला असता तर ३८ टेपमधलं दहा वर्षांचं काम तसंच कपाटात पडून राहिलं असतं. ज्याचा हा धंदा आहे त्याला हे माहीत नसावं याचा मला अजून राग आहे.

घरी आल्यावर एक वही घेतली. कुठली टेप कधी घातली, किती वेळ चालली, ‘सी’ कधी आला. ड्राइव्हमधला टेपअलर्टचा, म्हणजे ड्राइव्ह स्वतः देतो त्या इशाऱ्यांचा, लॉगही वाचायला लागले, त्यात २० नंबर म्हणजे आत्ता साफ कर, २१ म्हणजे वापर बराच झालाय, सवडीने साफ कर. माझा दर वेळी २० यायचा. म्हणजे वयामुळे नाही, हेडवर खरंच काहीतरी बसत होतं आणि ते कुठून तरी येत होतं. सहा आठवड्यांची वही समोर ठेवली तेव्हा दिसलं की ‘सी’ दर वेळी १४ नंबरच्या टेपनंतर, त्याच रात्री नाहीतर पुढच्या एक-दोन टेपमध्ये येतो. एरर काउंटर (ड्राइव्हने मोजलेल्या चुका) बघितले तर तिच्यावर लिहिताना परत परत लिहावे लागलेले ब्लॉक, म्हणजे डेटाचे तुकडे, बाकीच्या टेपच्या कितीतरी पट.

ही टेप दोन वर्षांपूर्वी टेबलावरून पडली होती. वरून काही दिसत नव्हतं. टेपचं छोटं दार बोटाने सरकवून टॉर्चने आत बघितलं तर लीडर पिन, म्हणजे जिला धरून ड्राइव्ह टेप आत ओढतो ती, किंचित तिरकी, आणि पिनजवळची टेपची कड चुरगळलेली. एलटीओ-५ ची टेप ८४६ मीटर असते आणि पूर्ण भरायला ती या टोकापासून त्या टोकापर्यंत ८० वेळा जाते, म्हणजे एकदा भरली की जवळजवळ ६८ किलोमीटर टेप त्या हेडवरून घासून जाते. कड खराब असेल तर तिचा भुगा हेडवर बसणारच, आणि पुढच्या चांगल्या टेपलाही तोच भुगा लागणार. दोष टेपचा होता आणि सात महिने बोलणी ड्राइव्हने खाल्ली, माझीसुद्धा.

१४ नंबरमधलं सगळं आधी वाचून घेतलं, मध्ये दोनदा क्लीनिंग करून, चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते दाखवणारे आकडे) जुळले, मग नव्या टेपवर लिहिलं आणि जुनीवर लाल पट्टी लावून बाजूला ठेवली. बाकीच्या ३७ टेपच्या पिना एक एक करून टॉर्चने तपासल्या, सगळ्या सरळ. तेव्हापासून चार महिन्यांत ‘सी’ एकदाच आलाय, तोही २१ वाला.

दुसरी तक्रार स्पीडची होती, तीही मी मागे घेते. स्पेकप्रमाणे सेकंदाला १४० एमबी, म्हणजे भरायला तीन तास, मला लागायचे सात-आठ, आणि आतून सतत थांब-मागे जा-पुढे ये असा आवाज. डेटा हळू मिळाला की ड्राइव्ह वेग कमी करतो, पण किमान वेगाच्याही खाली गेलं की टेप थांबवून मागे घेऊन परत सुरू करावी लागते, यालाच शू-शाइनिंग म्हणतात आणि याने टेप आणि हेड दोन्ही झिजतात. माझ्याकडे हजारो छोट्या फाइल जुन्या हार्ड डिस्कवरून थेट टेपवर जायच्या. आता आधी एसएसडीवर टार वापरून सगळ्यांची एकच मोठी फाइल करते, मग मधे एमबफर नावाचा प्रोग्राम लावून ४ जीबीचा बफर भरल्यावरच टेपवर सोडते. तीन तास दहा मिनिटं! आवाज एकसारखा येतो, ऐकायलाच बरं वाटतं.

पंख्याचं थोडक्यात. बाहेरच्या डब्याचा पंखा ड्राइव्हच्या तोंडातून हवा आत ओढतो, त्यामुळे डबा जमिनीवर ठेवू नका, माझा आधी टेबलाखाली होता, आता वर आहे. आणि टेप थंड खोलीतून आणली तर लगेच घालू नका, दिवसभर ड्राइव्हच्याच खोलीत राहू द्या. उभी ठेवा, आडव्या थप्प्या नकोत.

सेकंडहँड घ्यावा का, तर तुमच्याकडे एलटीओ-५ च्या टेप असतील तर हो, आणि विकणाऱ्याकडून लॉग मागा, किती तास चाललाय ते त्यात असतं. मी आता एक एलटीओ-६ शोधतेय, तो पाचच्या टेप वाचतो आणि लिहितोही, हा कधी खरंच थांबला तर हातात दुसरा असावा म्हणून. त्या सर्व्हिस सेंटरमधून मात्र घेणार नाही.